अक्षरांची डोकी

नव्या घरात खिळा ठोकायला बंदी होती. जिथे खिळा ठोकता येत नाही त्याला घर म्हणायचं की दवाखाना, हे रंफाला अजून कळलेलं नव्हतं. कॅलेंडर, आईचा फोटो, टोपल्या, कशालाच भिंतीवर जागा नाही. भिंती नुसत्या काँक्रीटच्या, जमीन काँक्रीटची, आणि मधूनमधून उभ्या आडव्या फटी सोडलेल्या, का तर म्हणे त्यातून उजेड येतो. खिडकीतूनही उजेड येतो, आणि खिडकीला पडदा लावता येतो, हे तिनं भावाला बांधकाम चालू असताना तीनदा सांगून पाहिलं होतं. जे काढलं तरी घर उभं राहतं ते काढून टाकायचं, असं त्याचं शास्त्र होतं.

"एक दिवस हा दारही काढेल," ती मिरच्या कुटता कुटता म्हणाली. "मग आपण फटीतून ये-जा करू."

"आजच्या दिवशी तरी प्रीचाला काही बोलू नकोस," तिचा नवरा वीरा लसूण सोलत म्हणाला. "नऊ भिक्खू येणार आहेत. गृहप्रवेश आहे, भांडण नाही."

"मी कुठे बोलतेय? मी मिरच्या कुटतेय."

"तू मिरच्या कुटतेस तेव्हाच जास्त बोलतेस."

खलबत्त्याचा आवाज वाढला. वीरानं लसणात डोकं घातलं. सासऱ्याच्या घरात राहून इतकी वर्षं सुखात काढलेला माणूस होता तो. कधी गप्प बसायचं हे त्याला कुणी शिकवावं लागत नसे.

रंफाच्या रागाचं खरं कारण खिळा नव्हताच. काल संध्याकाळी लोहाराकडून दारावरची पाटी आली होती. काळ्या लोखंडी पत्र्यात आरपार कापलेली अक्षरं: थविन. तिच्या वडिलांचं नाव, आणि कालव्याकाठच्या या गल्लीत लोक ज्याला पत्ता म्हणून सांगायचे त्या पाट्या रंगवायच्या दुकानाचंही. जुनी लाकडी पाटी दुकान पाडताना निघाली तेव्हा आतून वाळवीनं पोखरलेली होती, म्हणून नवी करायची ठरलं. ती करायची कुणी, तर प्रीचाच्या मुलीनं, ख्वाननं. पोरगी अक्षरांचे फॉन्ट बनवायची. बापाच्या या घरावरून तिनं एक सबंध नवा फॉन्ट केला होता, पाट्यांवर आणि पोस्टरांवर मोठ्ठा वापरायचा. घराला जसं काही नाही, तसं अक्षरालाही काही नाही. एकालाही डोकं नव्हतं.

आपल्या थाई अक्षराला डोकं असतं. शाळेत पहिल्या दिवशी पाटीवर हात धरून हेच गिरवून घेतात, आधी छोटा गोल, मग त्यातून निघालेली रेघ. बँकांच्या जाहिरातीत, मोबाइलच्या दुकानात बिनडोक्याची अक्षरं आता सगळीकडे दिसतात, ते रंफालाही ठाऊक होतं. जाहिरातीत चालू दे. बापाच्या नावावर नको.

आणि यामागे एक गोष्ट होती, जी ती कुणाला सांगत नसे. थविनचा हात मोठा होता आणि कुंचलाही रुंद. एका दमात रेघ ओढावी ती त्यांनीच, पण त्या कुंचल्यानं छोटा गोल वळायचा नाही. म्हणून रंफा सात वर्षांची असल्यापासून रंगाच्या पालथ्या डब्यावर बसून, खारीच्या केसांचा बारीक कुंचला घेऊन, वडिलांच्या प्रत्येक अक्षराचं डोकं काढत आली होती. तांदळाच्या गोदामांवर, होड्यांवर, शाळांवर, दातांच्या डॉक्टरच्या दारावर. गिऱ्हाईकं म्हणायची, वा थविन, काय अक्षर आहे. थविन हसायचे. मग छापील फलक आले, दुकान थंडावलं, आणि कुणाला काही सांगायची वेळच आली नाही. आता पाटीवर डोकीच नसतील, तर या नावात रंफाचं असं काहीही उरत नव्हतं. एवढंच तिचं दुखणं होतं, आणि ते तिला चांगलंच दुखत होतं.

"पा, काही मदत करू?" ख्वान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आत्याला ती सगळ्यांसारखं पा म्हणायची, बापाला पो आणि आजोबांना पू. केस विंचरलेले नव्हते, पण चेहरा उत्साहानं नुसता फुललेला होता.

"तो मासा ताटात काढ. डोक्यासकट काढ."

"हो."

"भिक्खूंना मासा वाढायचा तर डोक्यासकट. कोंबडी देवापुढे ठेवायची तर डोक्यासकट. अक्षराचंच काय ते कापायचं असतं."

ख्वाननं ओठ दाबले. हसू दाबलं की बोलणं, ते रंफाला कळलं नाही. "पा, कापलेलं नाही ते. घर बांधत होते तेव्हा मी रोज इथे येऊन बसायची ना वही घेऊन. भिंत जेवढी जाड, त्या हिशेबात रेघ जाड केली. जिन्याशेजारी फट आहे, तीच अक्षराच्या पोटात घेतली. पो भिंतीवर काही लावत नाहीत, नुसता उजेड आत येऊ देतात. मला वाटलं, अक्षरातही काही लावायचं नाही, नुसता..."

"ख्वान," बाहेरून प्रीचाची हाक आली. पोरगी जीभ चावून गप्प झाली.

"नुसता काय?"

"काही नाही. ऊन आलं की बघा."

"ऊन मी रोज बघते," रंफा म्हणाली. पोरगी मासा घेऊन पळाली, आणि वीरा एकाएकी लसणाच्या सालांमध्ये फार गुंतला.

भिक्खू कालव्यापलीकडच्या विहारातून होडीनं यायचे होते. त्यांना आणायला प्रीचा आणि ख्वान धक्क्यावर गेले, वीराला पाण्याची घंगाळी भरायला अंगणात पाठवलं, आणि घर रिकामं झालं. पाटी अजून वर चढवलेली नव्हती. दारापुढच्या ओट्यावर दोन बाकांवर ती आडवी ठेवली होती, चादरीनं झाकून. ओट्याच्या टोकाला वेताच्या खुर्चीत थविन डोळे मिटून बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी कुंचला धरला नव्हता, आणि सकाळच्या वेळी ते बहुधा झोपलेलेच असत.

रंफानं आपल्या खोलीतून बिस्किटांचा जुना डबा आणला. त्यात बारीक कुंचला होता. लाल एनॅमलची डबी तिनं परवाच बाजारातून आणून तांदळाच्या पिंपात लपवली होती. वाळायला वेळ लागला तरी हरकत नाही, भिक्खूंच्या समोर कुणी पाटी खाली उतरवणार नव्हतं. बाकी तमाशा संध्याकाळी झाला तर झाला.

तिनं चादर बाजूला सारली. पहिलं अक्षर. जागा शोधायला तिला डोळे बारीक करावे लागले नाहीत, हात आपणच तिथे गेला. कुंचला टेकवला, मनगट वळवलं, आणि गोल झाला. इतका सहज की तिला स्वतःचंच हसू आलं. मधेच वर्षं गेली होती असं हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तिला दिसलं. गोलाच्या बरोबर मध्ये पत्र्याला एक भोक होतं. चौकोनी, करंगळीच्या नखाएवढं. तिनं दुसरं अक्षर पाहिलं. तिथेही, जिथे डोकं यायचं तिथेच, तसंच भोक. तिसऱ्यालाही.

"हात अजून साफ आहे तुझा," खुर्चीतून आवाज आला.

रंफानं कुंचला पाठीमागे लपवला. पन्नाशी केव्हाच उलटलेल्या बाईनं करावं असं ते नव्हतं, पण बापापुढे तिला दुसरं काही सुचलं नाही.

"पो, तुम्ही जागे होता?"

"एनॅमलच्या वासानं मी मेलो तरी जागा होईन." थविननी डोळे उघडले. "बाकीची दोन नको काढूस. ती भोकं तुझ्यासाठी आहेत."

"माझ्यासाठी?"

"ख्वान माझ्याकडे आली होती. पू, म्हणाली, तुम्ही डोकं केवढं काढायचा, कुठे बसवायचा? म्हटलं, मला काय विचारतेस, मी जन्मात कधी डोकं काढलंय? आत्याला विचार. तर म्हणाली, पा-ला आत्ता सांगायचं नाही."

"मग माप कुठून घेतलं तिनं?"

"तांदळाच्या जुन्या गोदामावर आपली पाटी आहे अजून. भर उन्हात शिडी लावून चढली, आणि तुझी डोकी मोजून आली. रखवालदारानं पोलीस बोलवायची धमकी दिली म्हणे."

रंफा बाकाच्या कडेवर बसली. तिला आनंद झाला होता आणि रागही आला होता, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काय करावं ते कळेना. "इतकी वर्षं तुम्ही कधी बोलला नाहीत," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"की डोकी माझी होती."

"अगं, ते तर माहीतच होतं."

"कुणाला?"

म्हाताऱ्यानं विचार केला. बराच केला. "मला," ते म्हणाले, आणि थोडे ओशाळले.

रंफानं ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसले. मग चिंधीवर रॉकेल घेऊन लाल गोल पुसायला वाकली. थविननी काठी आपटली. "राहू दे."

"प्रीचा जीव घेईल. भिंतीला पेन्सिल लागली तरी दोन दिवस जेवत नाही तो."

"राहू दे म्हणतो ना."

तेवढ्यात प्रीचा धक्क्यावरून पळत आला. होडी निम्म्या वाटेवर होती, पाटी चढवायला हवी होती. त्यानं पाटीकडे पाहिलं, काळ्या पत्र्यावरच्या त्या लालभडक गोलाकडे, मग बहिणीच्या हातातल्या कुंचल्याकडे. लहानपणी दुकानात त्याच्याकडे फक्त कुंचले धुवायचं काम असे. ते सोडून तो वास्तुकला शिकायला पळाला, तेव्हा वडील त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते, आणि चोरून पैसे पाठवत होती ती हीच बहीण. रंफा जिभेवर उत्तरं तयार ठेवून उभी राहिली.

"वाळायला किती वेळ लागेल?" प्रीचानं विचारलं.

"एनॅमल आहे. संध्याकाळपर्यंत."

"मग त्या बाजूला कुणी हात लावू नका," तो मागून आलेल्या मजुरांकडे वळून म्हणाला. रंफाची सगळी उत्तरं तशीच राहिली.

दाराच्या वर प्रीचानं एक रुंद फट सोडली होती, पाटी तिच्यात जाऊन घट्ट बसली. घराभोवती पवित्र पांढरा दोरा गुंडाळून झाला. गल्लीतली माणसं चपला काढून ओट्यावर जमली, समोरची फुलवाली जे लिम सगळ्यात पुढे. भिक्खू आले, अनवाणी, म्हातारे महास्थविर सर्वांत पुढे. वीरा उंबऱ्यापाशी बसून एकेकाच्या पायांवर पाणी घालू लागला आणि रंफा पुसायला फडकं अंथरू लागली.

सकाळपासून सूर्य गल्लीच्या तोंडाशी झालेल्या नव्या उंच इमारतीमागे अडकलेला होता. तो आता तिच्या खांद्यावरून सुटला, आणि ऊन थेट पाटीवर आलं.

आतल्या काँक्रीटच्या जमिनीवर थविन हे नाव उमटलं. रेघा कडांना थोड्या विरघळलेल्या, पण वाचता येत होत्या. आणि प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला एक लखलखीत गोल. भोकं चौकोनी होती, पण उजेड खाली पोचेपर्यंत गोल झाला होता, झाडाखाली पानांच्या फटींतून पडतो तसा. रंफानं काढले असते त्याच जागी, तेवढेच. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

मग तिनं ख्वानकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय गं?"

"पा, हे भिंतीवर पडायचं होतं. समोरच्या भिंतीवर, वर. सकाळच्या तिरप्या उन्हात. मी सगळा हिशेब केला होता." ती इमारतीकडे बघत कुजबुजली. "ती इमारतच धरली नाही मी. ऊन वर चढल्यावरच येतं इथे. जमिनीवर पडलं, पा."

आता सगळ्यांच्याच लक्षात आलं. ओट्यावर कुजबुज सुरू झाली. जिथे डोकं पवित्र मानून लहान पोराच्या डोक्यावरूनही कुणी हात नेत नाही, जमिनीवर पडलेलं पुस्तक उचलून कपाळाला लावतात, तिथे घराच्या कर्त्या पुरुषाचं नाव, अक्षरांच्या डोक्यांसकट, दारात पायांखाली पसरलं होतं. आणि महास्थविरांनी आत पाऊल टाकायला पाय उचलला होता.

भिक्खूला बाईनं स्पर्श करायचा नसतो. रंफानं उंबऱ्यात गुडघे टेकले आणि हात जोडले. सकाळपर्यंत या पाटीला शिव्या देणारी तीच, आता तिच्यासाठी वाट अडवून बसली होती.

"थांबा, लुआंग पो. खाली माझ्या वडिलांचं नाव आहे. डोकी पण खालीच आहेत. पोरीची चूक नाही, त्या इमारतीची आहे. जरा ढग येईपर्यंत थांबा."

"ढग?" महास्थविरांनी आकाशाकडे पाहिलं. थंडीच्या दिवसांतलं निळंशार आकाश होतं. बाराच्या आत भिक्खूंचं जेवण व्हायला हवं, हे ते तिच्याइतकंच जाणून होते.

या सगळ्या गोंधळात वीराचं लक्ष फक्त घंगाळ्याकडे होतं. पाणी संपलं होतं. तो उठला, आणि आणखी आणायला सरळ आत निघाला.

"अहो, पाय! तिकडे नको," रंफा ओरडली, आणि वीरा बिचारा नेमका त्या नावाच्या मधोमध जाऊन थांबला.

 मग जे लिम फिसकन हसली. "त्याच्या पायाखाली काय बघतेस? टकलावर बघ."

रंफानं पाहिलं. वीरा उभा होता तिथे जमिनीवर नुसती सावली होती. अक्षरं त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर चढली होती, आणि पहिल्या अक्षराचा गोल त्याच्या टकलावर चकाकत होता. तो हलला की अक्षरंही हलत होती. तो बाजूला झाला की ती जमिनीवर उतरत होती, आणि पुढे आला की पुन्हा त्याच्या अंगावर.

"काय झालं?" वीरा मान वळवून विचारू लागला. "मी काय केलं?"

महास्थविर हसले. दात फारसे नव्हते, पण हसू मोठं होतं. "उठ, बाई," ते म्हणाले. "उजेडावर कुणाला पाय देता येत नाही. पुढे गेलं की तोच आपल्यावर येऊन बसतो."

आणि ते आत गेले. जमिनीवरची डोकी त्यांच्या भगव्या वस्त्रावर चढली, तिथून मुंडन केलेल्या डोक्यावर, आणि ते पुढे सरकल्यावर मागच्या भिक्खूसाठी पुन्हा खाली उतरून थांबली. एकामागून एक नऊही जण तसे गेले. ओट्यावरची माणसं माना वाकड्या करून बघत होती. पोरं तर भिक्खू आत बसण्याआधीच रांग लावून उभी राहिली, आपापल्या डोक्यावर एक गोल घ्यायला. ख्वान रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच माहीत, आणि प्रीचा तिच्या पाठीवर थोपटत, सगळं आधीपासून असंच ठरलेलं होतं अशा चेहऱ्यानं उभा होता.

"तुम्हालाही ठाऊक होतं?" रंफानं नवऱ्याला गाठलं. "भोकांचं?"

"मला लसूण सोलायला सांगितलं होतं," वीरा म्हणाला. "तोंड उघडायला नाही."

सगळ्यांत शेवटी थविन उठले. मदत नको म्हणाले. काठी टेकत टेकत उंबरा ओलांडला, आणि रंफा त्यांच्या मागे चार बोटांचं अंतर ठेवून चालत राहिली. पाटीखालून ते आत सरकले आणि त्यांच्या विरळ पांढऱ्या केसांवर एक गोल येऊन बसला. रंफानं काढलेल्या लाल गोलाच्या मधल्या भोकातून आलेला. म्हातारा थांबला.

"आला का गं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"आला."

"सरळ आहे?"

रंफानं एक डोळा मिटून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडून पाटी पारखताना ते स्वतः बघायचे, तसं. "जरा डावीकडे व्हा," ती म्हणाली, आणि ते झाले.

दुसऱ्या दिवसापासून, ठरल्याप्रमाणे, तळमजल्यावर रंफाचं नूडल्सचं दुकान सुरू झालं. ऊन इमारतीमागून सुटल्यावर, रंफा भांडी लावत असताना जे लिम फुलांची टोपली घेऊन आली आणि दारातच थबकली. काल तिनं ते नुसतं ओट्यावरून पाहिलं होतं. तिनं एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं, पुन्हा टाकलं, आणि अक्षरं अंगावर घेऊन थोडा वेळ उभी राहिली.

"कुणी काढलंय गं हे सगळं?"

रंफा पातेल्यातलं ढवळत होती. तिनं मान वर केली नाही, पण आवाज आतल्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढा ठेवला.

"घर भावाचं. अक्षरं आमच्या ख्वानची," ती म्हणाली. "ती डोकी आहेत ना, ती माझी. उद्याही याच वेळी ये. ऊन डोक्यावर आलं की दिसत नाहीत."